घराभोवती चाळीस फेऱ्या

ह्यांच्या दंडावरचा पट्टा काढता काढता डॉक्टर मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काकू, तुमचा चेहरा लाल दिसतोय. हात पुढं करा बरं." मी म्हटलं, माझं काय, मी ह्यांना घेऊन आलेय. तरी त्यांनी पट्टा बांधला. वर एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे बारा. पाच मिनिटं गप बसवून दुसऱ्या हातावर मोजलं. आकडा तिथंच.

आळेफाट्याच्या त्या दवाखान्यात तीन वर्षं माझ्या खेपा चालल्या होत्या त्या नवऱ्यासाठी. हे टेम्पो चालवायचे. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडली आणि एका सकाळी चूळ भरता भरता कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. चार शब्द राहिलेत. पाणी, ये, नको, अजून. अजून म्हणजे भात वाढ.

ह्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, संडास, सगळं माझ्याच अंगावर. म्हणून मॅडम 'हायपरटेन्शन' म्हणाल्या तेव्हा मला मरणाचं भ्याव वाटलं नाही. एकच डोक्यात आलं, मी आडवी झाले तर ह्यांना उठवणार कोण? लेक चाकणला, तिच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ. तिच्याशिवाय आम्हाला दुसरं कुणी नाही.

मग तपासण्या. रक्त, लघवी, ईसीजी. नारायणगावला एक तपासणी झाली, तिला 'आर्टरी स्टिफनेस' म्हणतात. आर्टरी म्हणजे रक्त वाहून नेणारी नळी. हातापायांना पट्टे बांधतात आणि रक्ताची लाट किती वेगानं पुढं जाते ते बघतात. नळी कडक असली की लाट जोरात पळते. माझी पळत होती.

मॅडमचं माहेर ओतूरचं, शेतकऱ्याघरचं. त्यांनी सरळ सांगितलं, "ठिबकची नळी नवी असते तेव्हा दाबली की दबते. चार उन्हाळे उन्हात पडली की कडक होते, मग तडकते. तुमच्या नळ्या कडक व्हायला लागल्यात." ह्यांच्या मेंदूतली नळी अशीच गेली होती. मला पुढचं काही ऐकूच येईना.

गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि 'एरोबिक एक्सरसाइज' सांगितला. म्हणजे सलग, भरभर चालणं. अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. मला संतापच आला. म्हटलं, "मॅडम, मी ह्या माणसाला दिवसातून आठ वेळा उचलते. आणखी कसला व्यायाम?"

"उचलताना तुम्ही श्वास कोंडता, तेव्हा प्रेशर उलट चढतं," त्या म्हणाल्या. "सलग चालताना रक्त जोरानं वाहतं. नळीला आतून अस्तर असतं, एंडोथेलियम. त्याला सैल व्हायची सवय लागते. उचलण्यानं ते होत नाही."

आमचं घर राजुरीच्या मळ्यात. चहूबाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. त्यामुळं पहाटे चालायची सोय नाही. आठ वाजता शेजारची सुमन ह्यांच्याजवळ बसायची, मग मी रस्त्याला लागायचे. पण आमच्याकडं हातात पिशवी नाही, काही काम नाही, अशी बाई रस्त्यानं चालताना दिसली की लोकांना राहवत नाही. पहिल्याच दिवशी डेअरीवाल्या अण्णांनी गाडी थांबवली. "बस वहिनी, सोडतो फाट्यावर." म्हटलं, चालायचंय. "चालायचंय? का, घरात काय भांडाण झालं का?"

दुसऱ्या दिवशी दुसरा. नको म्हटलं की तोंड पाडणार. "आमची गाडी चालंना व्हय तुमाला?" रोजची ओळखीची माणसं. कुणाकुणाला दुखवायचं? मी बसायचे. परत येताना आणखी कुणीतरी. पाच मिनिटं चालणं आणि पंचवीस मिनिटं पाठीमागं बसणं. आणि मॅडमना सांगायचे, रोज जाते. घराबाहेर तर पडतच होते, म्हणून खोटं बोलतेय असंही मला वाटलं नाही. माझ्यासारखी शहाणी मीच.

दीड महिना झाला तरी वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली येईना. मॅडमनी दुसरी गोळी वाढवली. मी घरी येऊन चुलीपुढं रडले. वाटलं, चालूनबी उपयोग नाही, गोळ्या खाऊनबी नाही, आता तडकायचीच वाट बघायची.

कांद्याची लागण सुरू झाली आणि सुमनचं येणं थांबलं. एका दुपारी मी ह्यांना खाटेवरून खुर्चीत घेत होते. डोकं ठणकलं आणि ह्यांचा अर्धा चेहराच दिसेनासा झाला. पडू नयेत म्हणून कसंबसं जमिनीवर टेकवलं आणि शेजारी बसले. ह्यांना उठता येईना, मला दिसेना. फोन आत ओट्यावर. ह्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि म्हणत राहिले, "ये, ये." मी तर शेजारीच होते. तेवढी लाचारी देवानं वैऱ्यालाबी देऊ नये.

सुमन पाणी न्यायला आली म्हणून आम्ही सापडलो. नारायणगावच्या दवाखान्यात दोनशे वीसवर एकशे चोवीस भरलं. डोक्याचा सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. दोन दिवस आयसीयूत पडून होते. दंडावरचा पट्टा थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुगायचा. मी प्रत्येक नर्सला एकच विचारायचे, आमच्या ह्यांना कुणी पाणी दिलं का. शेवटी सुमनचा नवरा फोनवर म्हणाला, "काकू, मी हितंच हाय. त्यांनी भात खाल्ला. तुमी गप पडा."

आमच्या आळेफाट्याच्या मॅडम तिथंही पेशंट बघायच्या. त्या राउंडला आल्या तेव्हा मी बोलून टाकलं. "मॅडम, मी चाललेच नाही. गाडीवर बसत होते." त्यांनी माझ्या गोळ्यांची चिठ्ठी परत एकदा बघितली. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही चालताय असं धरून मी गोळी वाढवली. मला खरं सांगितलं नाही तर मी काय करू?" रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, "घराभोवती मोकळी जागा आहे का?"

प्रेशर खाली आल्यावर, त्यांनी हो म्हटल्यावरच सुरुवात केली. ह्यांना पडवीत खुर्चीवर बसवायचं आणि मी घराला फेऱ्या मारायच्या. अर्ध्या-पाऊण मिनिटाला मी समोरून जातेच. मोजायला ह्यांच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या, एकीत मक्याचे दाणे. एक फेरी झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. आधी दहा, मग वीस, असं करत चाळीस. सुमन हसायची, "काकू, घाण्याला जुंपलं का तुमाला?"

एक दिवस बाविसाव्या फेरीला मी पायरीवर बसले. आदल्या दिवसापासून ह्यांचं पोट बिघडलं होतं, तीन चादरी धुतल्या होत्या. म्हटलं, "मला न्हाई जमत आता. मेले तर सुटेन तरी." ह्यांनी दाणा उचलला, वाटीवर धरला, पण टाकला नाही. "अजून," म्हणाले.

मी चिडून म्हटलं, तुमचं बरंय, बसून सांगायला. ते परत म्हणाले, "अजून." आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीन वर्षं मला वाटत होतं, भ्याव काय ते मलाच. ह्या माणसाला तर क्षणाक्षणाला धसका होता की ही पडली तर माझं काय. आणि ते सांगायला त्याच्याकडं चार शब्द. मी पदरानं नाक पुसलं आणि उठले.

चार महिन्यांनी परत तपासणी झाली. लाट थोडी मंदावलीय. "नळ्या नव्या होत नाहीत, काकू, पण सैल व्हायला लागल्यात," मॅडम म्हणाल्या. गोळ्या दोन्ही चालूच आहेत, वरचा आकडा एकशे अडतीसच्या आसपास असतो. हे बरे होणार नाहीत, हेही मी आता धरून चाललेय. तुमच्यावर अशी वेळ आली तर गोळी सोडू नका, चाललात तेवढंच डॉक्टरला सांगा, आणि कुणी गाडी थांबवली तर हात जोडून पुढं व्हा. रुसला तर रुसू दे.

आता रोज चाळीस फेऱ्या होतात. एखाद्या दिवशी वाटीत एकोणचाळीसच दाणे निघतात, एक ह्यांच्या डाव्या मुठीत असतो. मला दिसतं. मी आणखी एक फेरी मारून येते.