आई दार उघडत नाही

मास्तरीणबाईंच्या मातृभक्तीचं शेजारीपाजारी फार कौतुक. घर असो की दुकान, आईच्या पुढे होऊन दार त्याच उघडणार. "अशी लेक मिळायला भाग्य लागतं," असं नणंद येताजाता म्हणायची आणि बाई ते कौतुक निमूटपणे पदरात पाडून घ्यायच्या. खरं कारण वेगळंच होतं. आई कुठलंच बंद दार स्वतःहून उघडत नसे. बाई लहान असताना ती नऊ वर्षं मनोरुग्णालयात होती आणि तिथल्या दारांना आतून कडीच नव्हती.

सासरी मात्र बाईंनी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, की आई त्या रुग्णालयात शिवणखात्यात नोकरीला होती. अगदीच थाप नव्हे. आईने तिथे खरोखर ढीगभर झगे शिवले होते. फक्त संध्याकाळी घरी जायची मुभा नव्हती.

रुग्णालय बंद पडून तिथे वाचनालय झालं आणि जुन्या लोकांच्या आठवणी ऐकण्याचा कार्यक्रम ठरला. आठवणी गोळा करणारी मुलगी बोलवायला आली, तेव्हा नेमकी नणंद घरात. तिने परस्पर होकार देऊन टाकला.

कार्यक्रमात आई उभी राहिली. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

"मी इथे कामाला होते. झगे शिवायचे. नाडी लावायची नाही, असा नियम होता. बायका जिवाचं बरंवाईट करून घेतील म्हणून. बटणं पाठीवर. एकीची दुसरीने लावायची. त्यातच ओळखी व्हायच्या."

टाळ्या पडल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. इतकं सराईत खोटं आईला शिकवलं कोणी?

चहाच्या वेळी नणंदेने त्यांना ओळखीपाळखीत अडकवलं. सुटका करून घेऊन त्या वळल्या, तर आई बाहेरच्या दारापाशी उभी. पिशवी पोटाशी धरलेली, दार बंद. ती मुलगी शेजारी येऊन तिच्याकडे पाहत होती. बऱ्याच जणांच्या आठवणी ऐकल्या होत्या तिने; अशी दारापाशी थांबणारी माणसं तिला नवी नव्हती. बाई घाईघाईने त्या दोघींच्या मागे जाऊन पोचल्या.

"आजी," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही इथे नोकरीला नव्हता ना?"

"नाही गं," आई म्हणाली. "पण तुला कळलंय, हे माझ्या लेकीला कळू देऊ नकोस. तिला फार लाज वाटते."

बाई हातभर अंतरावर होत्या. दार उघडायला त्यांचा हात पुढे होईना.