नाव नसलेली दुसरी आवृत्ती

छप्पन सालच्या बौद्ध धर्मांतराला दोन-तीन वर्षं झाली असतील. यवतमाळला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं प्रकाशन होतं. प्रकाशन म्हणजे हे आणि मी. छापखान्यातून फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, आले की मी घड्या घालायची, दाभणाने टोचून शिवायची, खळीने कव्हरं चिकटवायची. हे पुस्तकांच्या पिशव्या भरून बोरी अरबपासून वणीपर्यंतच्या आठवडी बाजारांत विकायला जायचे.

लोकांनी जुने देव घराबाहेर काढले होते, पण नव्या पद्धतीने लग्न कसं लावायचं ते खेड्यात कोणाला ठाऊक नव्हतं. दारव्ह्याकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांनी तो विधी सोप्या मराठीत लिहून आणला. आम्ही छापला. कव्हरवरच्या आपल्या नावावरून मास्तरांनी हळूच बोट फिरवलं आणि लाजून हसले. पुस्तक खपलं. नाव वाचून लोक लग्न लावायला त्यांनाच बोलवू लागले.

अशाच एका लग्नाहून परतताना, हा नवा विधी न खपणाऱ्या काही जणांनी त्यांना वाटेत गाठलं. मारणाऱ्यांच्या हातात आमचं पुस्तक होतं. "हे तूच लिहिलं काय?" त्यांनी विचारलं, आणि मास्तर हो म्हणाले. दवाखान्यात त्यांनीच ह्यांना हे सांगितलं. तिथून ते घरी आले नाहीत. शिक्षा कोणालाच झाली नाही.

पुस्तकाला मागणी होतीच. दुसऱ्या आवृत्तीचं विचारायला आम्ही दोघं त्यांच्या बायकोकडे गेलो. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती.

"काढा नं भाऊ. पन त्याइचं नाव नोका टाकू."

"काहून? त्यांच्यासाठीच तर काढून राह्यलो. मोठ्या अक्षरात टाकतो," हे म्हणाले.

"नाव होतं म्हून तं सापडले ते. माह्या दोन पोरी हायेत. मले याच गावात राहाचं हाय."

हे तिला समजावू लागले. मी म्हटलं, "बाई म्हणते तसंच करा." ह्यांना ते आवडलं नाही. पण दुसरी आवृत्ती लेखकाच्या नावाशिवाय निघाली.

पुढे वणीच्या बाजारात ह्यांना तेच पुस्तक दिसलं. शब्द न शब्द तोच, पण लेखक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. हे त्या प्रकाशकाशी भांडायला गेले. तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकावर तर कोणाचंच नाव नाही. मग मी चोरलं कोणाचं?"

ते पुस्तक घेऊन आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो. आता तरी मास्तरांचं नाव टाकू दे, असं ह्यांना म्हणायचं होतं. थोरल्या मुलीने कव्हरवरचं परकं नाव वाचून दाखवलं. बाईने पुस्तक तिच्या हातून घेऊन पालथं ठेवलं.

"असू द्या," ती म्हणाली. "आता मारतीन तं त्याले मारतीन."

त्यानंतर आम्ही ते पुस्तक काढलं नाही. लोकांना ते त्या दुसऱ्याच्या नावाने मिळतच होतं.