वरून साबूत रस्ता

तेलगावहून माजलगावला मी दुधाचा टेम्पो नेतो. रस्ते दुरुस्त करणाऱ्या टोळीतला एक म्हातारा वाटेत जवळपास रोज दिसतो. नाव कधी विचारलं नाही, मामाच म्हणतो. पूर ओसरला की तो चपला काढून काखेत मारतो आणि पहारीनं डांबर ठोकत, आवाजाला कान देत चालतो. “वरनं पानी गेलं तर रस्ता मरत न्हाई, खाली शिरलं की मरतोय,” असं कुणी न विचारताही सांगतो.

गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या पुलापाशी तो माझ्या टेम्पोसमोर उभा राहिला. डांबर तर साबूत दिसत होतं. दूध नासलं तर मालक काढून टाकील, आठवीत शाळा सोडलेल्याला या परमुलखात दुसरं काम कोण देईल, या धास्तीनं मी हॉर्न दाबतच राहिलो.

“मामा, सरा की बाजूला!”

“मरायची लई घाई हाय का बे? उतर खाली.”

त्यानं पहार मारली. अर्धीअधिक आत गेली. खालची माती पुरानं केव्हाच नेली होती.

तेवढ्यात मालकाचा फोन आला, उचलताच शिव्या सुरू झाल्या. मामानं चिखलाच्या हातानं फोन घेतला.

“गाडी म्या आडवलीय. शिव्या मला द्या. ह्याला बोलायचं न्हाई.”

घर सोडल्यापासून माझ्या बाजूनं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी हात जोडले, तर तो खेकसला, “हात काहून जोडतो? मागनं एसटी येतीय, पळ, आडव तिला!”

मी दोन्ही हात वर करून धावत सुटलो.