दिवादांडीसाठी नेलेलं तेल

माझ्या थोरल्या बहिणीनं, सुभद्राअक्कानं, बारा वर्षं कुंकू लावलं ते लोकांच्या नाकावर टिच्चून. तिचा नवरा उद्धव तलमडुगूकडचा शेतकरी. कापसात मन रमेना म्हणून तो आधी बेल्लमपल्लीच्या खाणीत गेला, तिथून मुंबईला, आणि शेवटी आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायला लागला. ती बोट कोकणच्या किनाऱ्याला फुटली. बोटीवरचाच नागोराव पोहून वाचला आणि गावी येऊन म्हणाला, "दिवादांडीच्या खालीच बुडाली." भाऊजींचा देह काही सापडला नाही.

अक्कानं त्यातला एकच शब्द धरला, दिवादांडी. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिला होता? तिच्या डोळ्यांपुढे आला तो आदिलाबादच्या चौकातला, लाकडी दांडीवरचा कंदील. तेल असलं तर तो पेटे, वारं सुटलं की विझे. तसाच तो कोकणातला दिवा त्या रात्री विझला असणार, अंधारात भाऊजींना किनारा दिसला नसणार, ते भलतीकडेच कुठंतरी लागले असणार, आणि आज ना उद्या येतील, असं तिचं म्हणणं. मी निजाम सरकारच्या तहसिलीत पेशकार, पण दिवादांडी मीही पाहिली नव्हती. तिला काय सांगणार, कपाळ?

बारा वर्षं माणूस परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मुदत भरली तसे तिचे सासरे पांडुरंगराव पुढ्यात येऊन बसले. म्हातारा पार थकला होता.

"माह्या डोळ्यांदेखत पोराले गती भेटू दे, सूनबाई."

"तो दिवा एकदा पाह्यतो, मामाजी," अक्का म्हणाली. "इझणारा असन, तर पुतळ्याचं नाव काढू नका. नसन, तर तुमी म्हणसान तसं."

साहेबाच्या हातापाया पडून मी रजेची रुखसत मिळवली. मोटार, आगगाडी, पुन्हा घाटातली मोटार. अक्कानं घरच्या करडईच्या तेलाचा डबा आणि घरच्या कापसाच्या वाती सोबत घेतल्या होत्या. डबा सारखा पाझरून लुगड्याला लागत होता.

"काऊन हे ओझं वागवून राह्यली?" मी वैतागून म्हटलं.

"तिथल्या माणसाले देईन. म्हणन, बाबा, आता तरी इझू देऊ नको."

तांबड्या कातळाचं टोक आलं आणि खाली समुद्र दिसला. इतका निळा, इतका देखणा, की मला त्याचा संतापच आला. माणसं गिळायची आणि वर असं ऊन खात पडायचं! टोकावर पांढराशुभ्र दगडी बुरूज उभा होता. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं आणि भोवताली दांडी शोधू लागली.

"दिवा कुठं हाय?" तिनं राखणदाराला विचारलं.

"हीच दिवादांडी, बाय. कंपनी सरकारच्या वेळची."

त्यानं आम्हाला वर नेलं. दिवा कसला, माणूस आत उभा राहील एवढं काचेचं घर होतं, चहूबाजूंनी जाड भिंगांचं. अक्कानं पदराला हात पुसले आणि हळूच काचेला बोटं लावली.

"वाऱ्यानं इझत असन हा?"

"काचेआड वारा येत नाही."

"बारा सालामांगं बोट फुटली, तवा?"

राखणदारानं खालच्या खडकांकडे बोट केलं.

"तेव्हा मीच वर होतो. बत्ती पेटलेली होती, बाय. तिच्या उजेडात मला ती बोट दिसत होती. पण त्या लाटांपुढे कुणाचं काही चाललं नाही."

खोटं बोलला असता तर त्याचं काय जात होतं? मला त्याला तिथंच हलवून विचारावंसं वाटलं. माझेच डोळे भरून आले होते. अक्का मात्र रडली नाही.

"म्हंजे त्याइले दिवा दिसत होता," ती म्हणाली. "दिसत होता, अन् तरी आले नाहीत."

मग तिनं तेलाचा डबा पुढं केला. या बत्तीला घासलेट लागतं, असं त्यानं अवघडून सांगितलं. डबा आमच्याबरोबर परत आला.

गावी आल्यावर अक्कानं स्वतः रानात जाऊन पळसाची पानं तोडून आणली. पांडुरंगरावांनी पुतळ्याला अग्नी दिला आणि तिनं कुंकू पुसलं. मला ते बघवलं नाही.

भाऊजींच्या नावानं दहा दिवस घरात दिवा ठेवला. तेल त्याच डब्यातलं, वाती त्याच. अक्का दिव्यापुढून हलेना. दाराशी वारं आलं की तळहात आडवा धरी. तिचे डोळे सुजले होते.

"अक्का, थोडी नीज," मी म्हटलं. "तवरीक मी पाह्यतो दिव्याकडं."

"नाही रे, अनंता," ती म्हणाली. "हा इझला, तर मी कोणाले बोल लावू?"