निर्दोष ठराव

ला शापेल-ओ-ऑर्म या गावात आता कुणीही घाटावर धुणं धूत नाही. घरोघरी मशीन आहे. पण गावच्या जुन्या धोबीघाटाचं जतन करणारी एक संस्था आहे, तिला अध्यक्ष आहे, खजिनदार आहे आणि मादाम सोलांज गोदिशो या तिच्या चिटणीस होत्या. फ्रान्समध्ये तीन माणसं भेटली की चौथ्याची वाट न बघता संस्था काढतात, आणि संस्था निघाली की इतिवृत्त लिहायला कुणीतरी लागतंच.

घाटाच्या छपराची कौलं कधी बदलली हे विचारलंत तर सोलांजबाईंना सांगता आलं नसतं. कौलं बदलण्याच्या ठरावात कोणत्या अक्षरावरची टोपी राहून गेली होती, ते मात्र त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर डावे-उजवे फटकारे असतात, टोप्या असतात, टिंबं असतात. कॅपिटल अक्षरांत टाइप करताना लोक ते खुशाल गाळतात, कारण कीबोर्डवर ती बटणं सापडत नाहीत. असलं बोडकं अक्षर सोलांजबाईंना बघवत नसे. बेकरीच्या काचेवरच्या पाटीत राहिलेला एक फटकारा त्यांनी भर बाजारात स्वतःच्या लिपस्टिकने काढून दिला होता. बेकरीवाली आत ब्रियोशचे गोड पाव बांधत होती. तिने काच पुसली आणि त्या दिवसापासून बाईंना कालचा पाव द्यायला सुरुवात केली.

उभी हयात त्यांनी आँजेच्या एका विमा कचेरीत टाइपिंग केलं. साहेबलोक मजकूर सांगायचे आणि या तो नेटका करायच्या. कुणाचं घर जळालं, कुणाचा पाय गेला, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं आणि समास मात्र कधी चुकला नाही. नवरा जिल्बेर हयात असताना घरात चिठ्ठी लिहून ठेवत नसे. काही सांगायचं असलं तर कोपऱ्यावरच्या कॅफेतून फोन करायचा. तोही गेला. लेक कॅनडात. राहिलं काय, तर चिटणीसपद. शनिवारच्या बाजारात चीजवाला "या, मादाम चिटणीस!" म्हणायचा, तेवढ्यावर बाईंचा आठवडा निघायचा. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं हेही खरं.

मग फाब्रीस तेसिए अध्यक्ष झाला. हा नांतच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरात बसून करणारा, सभेला पळायचे बूट घालून येणारा गृहस्थ. त्याने सगळ्यांना मिळून वापरता येणारा टिपणांचा प्रोग्रॅम आणला. सोलांजबाईंची आणि त्या प्रोग्रॅमची पहिल्या दिवशीच जुंपली. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ दिली की तो आपल्या मनाने यादी मांडायचा. टोपीचं बटण दाबलं की दोन टोप्या हवेत आणि अक्षर खाली उघडंच. प्रश्नचिन्हाआधी फ्रेंच रीतीप्रमाणे जागा सोडली की बिचारं चिन्ह एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडायचं.

"मादाम, एवढं कशाला मनावर घेता? मजकूर कळला म्हणजे झालं," फाब्रीस म्हणाला.

"मजकूर काय, कुणालाही कळतो!" सोलांजबाई कडाडल्या.

शेजारीण युगेत ही संस्थेची सभासद आणि गावची वार्ताहर. ख्रिसमसच्या सुमारास ती बातमी घेऊनच आली.

"सोलांज, सांभाळ गं. फाब्रीसला तुला काढायचंय. त्याची बायको पार्लरात केस कापून घेताना बोलली."

"काढतोय मला! सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागतो त्याला. आणि ठराव माझ्या हाताखालून जातात. डोळ्यांत तेल घालून बसलेय मी."

बोलल्या तशा बसल्याही. सभासदांच्या घरी सफरचंदाचे केक पोचवले, कोण आपल्या बाजूने हात वर करील याचा अंदाज घेतला. रात्री झोप लागेना, इतकी धास्ती घेतली होती त्यांनी.

जानेवारीत फाब्रीसचा ठराव मेलने आला. सोबत लिहिलं होतं, कृपया वाचा आणि हरकत असेल तर मोकळेपणाने कळवा. सोलांजबाईंनी तो उघडला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. प्रत्येक फटकाऱ्याच्या जागी दोन-दोन परकी चिन्हं उमटलेली, अर्धा मजकूर ठळक, अर्धा करड्या पट्टीवर, मध्येच अक्षरं मुंगीएवढी. बाईंनी बाह्या सरसावल्या. चहा निवला, चूल गारच राहिली. एकेक अक्षर त्यांनी कानाला धरून जागेवर बसवलं. त्यात त्यांचं स्वतःचं नाव आलं, तर त्याचाही टाइप बाकीच्या टाइपाशी जुळवून घेतला आणि पुढच्या ओळीकडे वळल्या. संध्याकाळी फाब्रीसचा फोन आला.

"मादाम, ठराव वाचलात ना?" त्याचा आवाज दबलेला होता.

"वाचला? धुऊन काढला मी! गटार होतं नुसतं. असलं पाठवताना लाज नाही वाटत?"

"हो, हो, माफ करा. पण एकंदरीत... तुमची काही हरकत?"

"होती. आता नाही. आता एक चूक दाखवून द्या त्यात!"



"मादाम, तुमचं मन फार मोठं आहे हो."

"मन कसलं, नजर म्हणा," बाई म्हणाल्या आणि खुशीत फोन ठेवला. तिकडे फाब्रीसला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं असणार.

सभा नगरपालिकेच्या दालनात भरली. जानेवारीतली सभा म्हणजे शेवटी गालेत, म्हणजे बदामाचा खुसखुशीत केक, कापायचा आणि वर सफरचंदाची सायडर. गालेत मागच्या टेबलावर ऊन ऊन मांडलेले होते आणि ठराव झाल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही असा शिरस्ता. त्यामुळे या संस्थेत वर्षानुवर्षं सगळं एकमताने मंजूर होत आलं आहे. सोलांजबाई उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"संस्थेच्या सभांची टिपणं यापुढे फोनमधला प्रोग्रॅम बोलणं ऐकून आपोआप तयार करील. सबब चिटणीसपद या सभेपासून रद्द करण्यात येत असून, मादाम सोलांज गोदिशो यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था त्यांची..."

इथे त्या थांबल्या. स्वतःच्याच तोंडून ऐकला तेव्हा कुठे त्यांना ठराव कळला. डोळ्यांत घातलेलं सगळं तेल वाया गेलं होतं.

"...ऋणी आहे," त्यांनी वाक्य पुरं केलं, कारण वाक्य अर्धं सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"विरोधात कोण?" फाब्रीसने विचारलं आणि आदराने त्यांच्याकडे पाहिलं.

बोलायला तेवढाच क्षण होता. पण बोलायचं काय? की मी हे दिवसभर दुरुस्त केलं आणि वाचलंच नाही? ज्यांना त्या जन्मभर "नीट वाचत जा" म्हणून झापत आल्या, ती सगळी माणसं समोर बसली होती. पद जाणं वाईट, पण हे कबूल करणं त्याहून वाईट. फाब्रीसचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

"बाजूने?"

सगळे हात वर गेले. सोलांजबाईंचाही गेला. टाळ्या झाल्या आणि खुर्च्या मागच्या टेबलाकडे सरकल्या.

युगेत गालेतचा मोठा तुकडा घेऊन त्यांच्याजवळ आली. "काय सुंदर वाचलंस गं! तुझी सर कुणाला नाही."

"तू हात का वर केलास?"

"म्हणजे काय? तू लिहिलंयस म्हटल्यावर बरोबरच असणार. आम्ही कशाला ऐकत बसतोय?" युगेतने तोंडातला घास गिळला. "का गं? काय होतं त्यात?"

"काही नाही," सोलांजबाई म्हणाल्या. "चूक एकही नव्हती."