कोपरा कापलेली एक्केचाळीस पत्रं

आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडलेला असला की ते पत्र घरात न्यायचं नसतं. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचायचं, कोण गेलं ते समजून घ्यायचं, कार्ड तिथंच नष्ट करायचं आणि अंघोळीला पाणी ठेवायचं. माझ्या वयाच्या बायांना हे कोणी शिकवलं नाही. पोस्टमनच्या हातातला कोपरा दुरून दिसायचा आणि वाचता येत नसलं तरी अर्धी बातमी कळून जायची. फोन आले तशी कार्डं बंद झाली आणि कार्डांसोबत कोपरेही गेले. आता मरण मोबाइलवर येतं, फोटोला हार घालून.

मी आर्णीपासून थोडं आत असलेल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा शिकले नाही. नातवंडांची अंकलिपी आणि तांदळाच्या पोत्यावरचे छाप बघून बघून वाचायला लागले, त्यामुळे आधी मला ‘नेट वजन’ वाचता आलं आणि ‘कमळ’ नंतर. माझ्यासोबत तांड्यावरची एक बाई आहे. ती भाजी चिरते आणि बोलते. दोन्ही कामं तिचे हात आणि तोंड वेगवेगळी करतात.

माझा मोठा मुलगा फौजेत आहे. गाडी चालवतो. बंदूकही असते जवळ, पण फोनवर तो गाडीचंच सांगतो. दर रविवारी फोन करतो. त्या साली सीमेवर युद्ध सुरू झालं आणि दोन रविवार फोन आला नाही. सून विचारायची नाही, मी सांगायची नाही, पण मोबाइल कायम आम्हा दोघींपैकी एकीच्या हातात असायचा. गावात कोणी विचारलं की मी म्हणायची, “झालं बोलणं. बरा आहे.” हे मी इतक्या जणांना सांगितलं की मला त्याचा आवाजही आठवायला लागला होता.

गावात त्या युद्धावरून दोन तट पडले. एक म्हणे, सुरू कायले केलं? दुसरा म्हणे, आता थांबवता कायले? चक्कीवर दळण टाकून माणसं भांडायची आणि पीठ विसरून घरी जायची. दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. फवारणीचा पंप दोघांत एकच होता, तेव्हा पंप तेवढा मधल्या भिंतीवर ठेवायचे, एकानं ठेवला की दुसऱ्यानं उचलायचा.

तेवढ्यात शाळेला वरून हुकूम आला की प्रत्येक लेकरानं सैनिकाला एक पोस्टकार्ड लिहायचं आणि शनिवारी गठ्ठा केंद्रशाळेत पोचवायचा. आमचे हेडसर पुसदचे, वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, फार टापटिपीचे. त्यांनी मजकूर फळ्यावर लिहून दिला: ‘शूर सैनिक दादा, शत्रूला चांगला धडा शिकवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ एक्केचाळीस लेकरांनी तो उतरवला. फळ्याच्या कडेला ‘पुसू नये’ लिहिलेलं होतं, ते तिघांनी सैनिकाला कळवलं.

त्या दोन भावांतला थोरला खिचडीच्या वेळी आला. “सर, माह्या पोरीकडून हे धडाबिडा लिहून घेऊ नका.”

“वरून आलं आहे भाऊ.”

“वरच्यायले म्हणा, तुमचे पोरं धाडा.”

तांड्यावरची वांगं चिरता चिरता म्हणाली, “धाकटा येईल आता, दोन कार्डं लिहा म्हणून.” आणि खरंच, दुपारी धाकटा आला. दोन नाही, पण कार्ड सही-शिक्क्याचं हवं म्हणाला.

गठ्ठा शुक्रवारी तयार झाला. ऑफिसच्या कपाटाला कुलूप नाही. शाळेत धड कुलूप एकाच खोलीला, तांदळाच्या, आणि किल्ली माझ्याजवळ. सर म्हणाले, “मावशी, आजची रात्र तुमच्याकडं.” मी गठ्ठा दोन पोत्यांच्या मधे नीट दाबून ठेवला, कोणाला दिसू नये म्हणून. माणसाला दिसला नाही.

सकाळी बघते तर उंदरानं सगळ्या गठ्ठ्याचा एकच कोपरा खाल्ला. लेकरांनी खिचडीच्या हातानं कार्ड जिथं धरलं होतं, नेमका तोच. पत्ता शाबूत, मजकूर शाबूत. मी गठ्ठा सरांपुढं ठेवला आणि चूल पेटवायला गेले. आपली चूक असली की मी आधी चूल पेटवते.

अर्ध्या तासानं सरांनी हाक मारली. चेहरा खुशीत होता. “बघा मावशी, आता कोणाले कळन का?” त्यांनी कातरीनं एक्केचाळीसही कार्डांचा कुरतडलेला कोपरा एका रेषेत तिरपा कापला होता. फार सफाईनं कापला होता. इतक्या सफाईनं आमच्या वेळी कोणी मयतीचं कार्डही कापलं नसेल.

मी मागं सरकले. तांड्यावरची वांगं टाकून उठली. “सर, कोण मेलं?”

“कोणी नाही मेलं. उंदीर.”

“उंदीर मेला?”

“उंदीर जिवंत आहे. त्यानं खाल्लं.”

मग मी त्यांना सांगितलं की कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे काय असतं. त्यांनी ऐकून घेतलं. आयुष्यात त्यांना एकही पोस्टकार्ड आलेलं नव्हतं, त्यात त्यांची काय चूक. ते म्हणाले, “आता कोणाले माहीत आहे मावशी हे? पोरं आहेत तिथं वीस-बावीस वर्षांची.”

“त्यांच्या वरचे सुभेदार काय वीस वर्षांचे आहेत?”

“बाकीचे तीन कोपरेही कापले तर? डिझाइन दिसन.”

तांड्यावरची म्हणाली, “मंग घरातले चौघं गेले असं होईल.”

सरांनी घड्याळ बघितलं. केंद्रशाळेत गठ्ठा बारापर्यंत पोचवायचा होता आणि नवी कार्डं आणायला आर्णीला जायचं म्हणजे तिथंच बारा वाजणार. “जाऊ द्या मावशी,” ते म्हणाले, “अंधश्रद्धा आहे. तुमचा मुलगा तर फौजेत आहे, तुमचं दर रविवारी बोलणं होते, तुम्ही तरी...”

“नाही होत,” मी म्हटलं.

“काय?”

“बोलणं नाही होत. दोन रविवार झाले. फोन नाही. मी खोटं सांगून राह्यली सगळ्यायले.” आणि मग म्हटलं, “माह्या पोराच्या हातात कोणी असं कार्ड देऊ नये, बस. कोणाच्याच पोराच्या. ते उभ्यानं वाचतील.”

तांड्यावरची पुढं झाली. तिनं माझ्या हातातला झारा घेतला आणि खिचडी ढवळायला लागली. खिचडीत अजून तांदूळ पडला नव्हता, नुसतं पाणी होतं.

सर वर्गात गेले. “वह्या काढा. मधलं पान फाडा. जोडपान.” लेकरांनी आनंदानं फाडलं, एरवी मार बसतो. “लिहा सैनिकाले.”

“काय लिहायचं सर?”

फळा पुसलेला होता. सरांना परत लिहायचा उत्साह नव्हता. “जे वाटते ते. साडेदहापर्यंत.”

मग लेकरांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं. एकानं विचारलं, तुमच्याकडे रानडुकरं येतात का, आमच्याकडे रोज येतात, तुमच्याजवळ बंदूक आहे, सुटीत या. एकीनं आपल्या शेळीला दोन करडं झाल्याचं कळवलं. थोरल्या भावाच्या पोरीनं लिहिलं: ‘हे युद्ध कोणामुळे सुरू झालं ते तुम्हाला माहीत असेल तर सांगा. आमच्या घरी बाबा आणि काका त्याच्यावरून बोलत नाहीत. पंप भिंतीवर ठेवतात.’ सरांनी ते पान गठ्ठ्यातून काढलं, वाचलं, परत घातलं, परत काढलं. शेवटी मधोमध कुठंतरी घातलं आणि दोरा बांधला. साडेअकराला त्यांची मोटरसायकल गेली.

कोपरा कापलेली कार्डं ठेवता येत नाहीत, म्हणून मी ती चुलीत घातली. सैनिकांची पत्रं शाळेनं जाळली हे त्या आठवड्यात बाहेर कळलं असतं तर दोन्ही तट एक होऊन आमच्यावर आले असते. तांड्यावरची ते पोटात ठेवू शकली, हे मी तिचं कायम मानते.

पुढं युद्ध थांबलं. का थांबलं यावरून चक्कीवर पुन्हा पीठ राहिलं. त्यानंतरच्या मंगळवारी, मी शाळेत भांडी घासत असताना, फोन वाजला.

“आई, तूर सोंगली का?”

मी म्हटलं, “अर्धी कापून झाली.” राखेचे हात होते, दुसरं काही सुचलं नाही. मग विचारलं, “फोन काहून नाही केला?”

“बंद करून ठेवले होते सगळ्यायचे. बरा आहो मी. तिले सांग.”

“सांगते.”

“आई, एक विचारायचं होतं. इथं पत्रं आली लेकरायची. मले एक आलं, मध्य प्रदेशातल्या कुठल्या तरी शाळेतल्या पोराचं, हिंदीत. त्यानं विचारलं, काका, तुम्हाला भीती वाटते का? सगळ्यायनं उत्तर लिहून दिलं. माहंच राह्यलं. चार दिवस झाले. काय लिहू?”

मी हात पदराला पुसले. “वाटते का?”

मला वाटलं रेंज गेली.

“वाटते,” तो म्हणाला.

“मंग तसंच लिही.”

“वरचे वाचतात ना आई, पाठवायच्या आधी.”

“बरं,” मी म्हटलं. “मले सांगितलं ना, झालं. त्याले लिही की आम्ही रोज वेळेवर जेवतो.”

त्यानं तेच लिहिलं की दुसरं काही, हे मी अजून विचारलेलं नाही. सुनेला बोलवायला म्हणून मी फोन हातात धरूनच घराकडं निघाले, आणि अर्ध्या वाटेपर्यंत तो तुरीचंच विचारत होता.