घटातला भोपळा

आमच्या घरी देवीच्या घटात भोपळा उगवला, तेव्हापासून आई माझ्याकडे राहत नाही.

सुरुवात बागेपासून झाली. कोरेगावजवळच्या रानातला माझा वाटा मी थोरल्या भावाला विकला आणि सांगलीत विश्रामबागला फ्लॅट घेतला. कारण सरळ होतं. उन्हाळाभर लव्हाळा खणायचा आणि पाऊस पडला की तो पुन्हा हजर! त्या गवतापायी माझी कंबर गेली. (कंबर आधीपासूनच नाजूक होती, असं दादा म्हणतो.) कागदावर सही करताना आईनं एकच अट घातली.

"नवरात्रात घटाला माती माझ्या रानातलीच पायजे. दरसाल आणायची."

"आणीन की!" मी म्हणालो.

फ्लॅटमध्ये वर्षभरातच माझे हात शिवशिवायला लागले. मग शेतकऱ्याच्या या पोरानं मोबाइल उघडून 'रोपाला पाणी कसं घालावं' हे बघितलं! व्हिडिओतली मुलगी म्हणाली, एक पैसा न घालता बाग होते. हे मला फार पटलं. रंगाची रिकामी डबडी गोळा केली, नारळाच्या शेंड्या कातरल्या, स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवला. आपला पुरेना म्हणून शेजाऱ्यांचाही मागून आणू लागलो.

"अहो, लोक काय म्हणत असतील?" बायको, म्हणजे वैशाली, कपाळाला हात लावायची.

"बिनपैशाचं खत आहे हे!"

"वासही बिनपैशाचाच आहे."

यंदा नवरात्राच्या तोंडावर बांधावरच्या आंब्यावरून दादाशी फोनवर वाजलं. (आंबा त्याचा, बांधही त्याचा. मी फक्त मत दिलं होतं.) आता त्याच्या दारात माती मागायला जायचं? मी? घटस्थापनेच्या सकाळी बाल्कनीतल्या डबड्यांतलं मिश्रण चाळलं, पिशवीत भरलं आणि आईपुढे ठेवलं.

"रानातलीच न्हवं?"

"मग! दादानं एसटीनं पाठवली."

आईनं मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. पत्रावळीवर पसरून तिनं सात धान्यं पेरली आणि मधे घट मांडला.

तिसऱ्या माळेला चिलटं झाली. पाचव्या माळेला गहू-ज्वारीच्या जोडीनं टोमॅटो उगवले. सहाव्या माळेला सगळं धान्य बाजूला सारून भोपळ्याची दोन जाडजूड पानं वर आली! खालच्या मजल्यावरच्या काकू नारळ घेऊन आल्या. "देवी प्रसन्न झाली हो तुमच्यावर!" दुपारपर्यंत अर्धी सोसायटी हात जोडून दारात. मीही जोडले, दुसरं काय करणार?

सातव्या माळेला काकू आरतीला बसल्या होत्या, तेवढ्यात दादा आला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, देवीपुढेही सावधानमध्ये उभा राहतो. त्यानं नमस्कार केला, वाकून घट तपासला आणि मातीतून एक पांढरा तुकडा उचलला.

"ये क्या है रं?"

"खडू," मी म्हणालो.

"शंख असेल," वैशाली म्हणाली. (उभ्या संसारात ती माझ्या बाजूनं बोलली, ती एवढी एकदाच.)

"अंड्याचं टरफल हाय ह्ये! नवरात्रात, देवीच्या घटात!"

(टरफलानं झाड जोमानं वाढतं, असं व्हिडिओतल्या मुलीनं सांगितलं होतं. नवरात्राचं ती काही बोलली नव्हती.) काकू उठल्या आणि आपला नारळ घेऊन खाली गेल्या.

मी सगळं कबूल केलं. दादाचा आवाज चढला. "पयल्या माळेला पोतं भरून वाट बघत बसलो रं मी! म्हटलं, राग आसंल, पर मातीला तरी येशील. शेवटी मीच घिऊन आलोय. खाली गाडीत हाय."

मी आईकडे बघितलं.

"मला मूठ दाबली तवाच कळलं," ती म्हणाली. "आपली माती लय चिकाट. ही भुशावानी लागली हाताला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू, पोरगं कवा खरं बोलतंय. सात दिस झालं."

मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याला घट उठला. दादा पुन्हा आला आणि आईनं पिशवी भरली. "आई, राहा ना," वैशाली म्हणाली. "न्हाई गं, तिकडं रानात बसाय बरं वाटतं," एवढंच बोलून ती जिना उतरली.

पोतं मात्र दादानं इथंच ठेवलं. ती माती मी डबड्यांत भरली आणि मेथी पेरली. मेथी आलीच नाही. लव्हाळा आला! ज्याच्यापायी मी रान विकलं, त्याला आता रोज सकाळी तांब्यानं पाणी घालतो. परवा त्याची पानं पिवळी पडली, तर मी मोबाइल उघडून 'लव्हाळा कसा जगवावा' हे शोधत बसलो होतो.